बिनपायरीची फटफटी

लोक मला अजून विचारतात, त्या फटफटीला गिअर किती होते? मी अजून तेच उत्तर देतो, मोजता येत नव्हते. ज्यांना हे पटत नाही त्यांचं मी काही करू शकत नाही. सगळं भांडण त्याच उत्तरावरून झालं आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

आम्ही रेवदंड्याचे चांभार. वहाणा शिवणारी घरं आमच्या वाडीत चार होती, पण गिरणीचा पट्टा शिवणारा माणूस आजूबाजूच्या दहा गावांत एकच, माझा बाप. खोतांनी भात सडायची गिरण घातली तेव्हा पहिले पट्टे मुंबईहून आले होते. ते एका पावसाळ्यात सुटले आणि मग खोतांचा माणूस आमच्या दारात आला. तेव्हापासून त्या गिरणीतला प्रत्येक पट्टा आमच्या पडवीत शिवला गेला. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं घ्यायचं, टोकं रापीनं तासायची आणि एकावर एक अशी चढवायची की वरून बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. सांधा जाड राहिला की तो पुलीवर दर फेऱ्याला थाप मारतो. ती थाप माझ्या बापाला वाडीपर्यंत ऐकू यायची, आणि मग तो हातातला घास ताटात ठेवून उठायचा.

त्याचा एक नेम होता. पट्टा गिऱ्हाइकाला देताना कोरडा द्यायचा नाही. वाटीत करंजेल घ्यायचं, उकिडवं बसायचं आणि सगळा पट्टा हातानं चोळून मगच सोडायचा. कातडं तेल पिऊन मऊ होतं आणि रुंद पुलीला अंगभर चिकटून बसतं, हे खरंच. पण त्याला त्यात आणखीही काही वाटत असावं. आपल्या हातचं काम परक्या दारी जाताना नीट न्हाऊमाखू घालून पाठवावं, असं काहीतरी. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात बोलण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी जरा जास्तच करत असे.

खोतांचा भाचा मुंबईला शिकायला होता आणि शिकण्याखेरीज सगळं करत होता. तो माझ्याच वयाचा, पंचविशीच्या आतबाहेर. हे सांगतोय ते साल तीसच्या आगेमागेचं. एका दिवाळीत तो शिडाच्या पडावातून एक फटफटी घेऊन आला. पहिल्या लढाईच्याही आधीची असावी. टाकीवरचा रंग उडालेला, नाव वाचता येत नव्हतं. चार दिवस त्यानं ती बंदरावर उडवली आणि पाचव्या दिवशी तिचा पट्टा तुटला. गिरणीतला जुना पट्टा कापून घालून बघितला, तो जागच्या जागी घसरत राहिला. भाच्यानं चिडून फटफटीला लाथ घातली आणि दहा माणसांसमोर मला म्हणाला, "घेऊन जा रे ही. तुझ्या रापीला चार पैशांचं कातडं तरी मिळेल."

लोक हसले. मी हसलो नाही, फटफटी घेऊन गेलो. दिलेली वस्तू दिलेली असते, एवढं मला कळत होतं.

आता ती चालायची कशी ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनाला एक छोटी पुली आणि मागच्या चाकाला एक मोठी, दोघींमध्ये कातड्याचा पट्टा. इथपर्यंत गिरणीसारखंच. पण इंजिनाची पुली एकसंध नव्हती. दोन ताटल्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तशी दोन अर्ध्यांची होती. टाकीवर जात्याच्या खुंट्यासारखी एक मूठ होती. ती एका अंगाला फिरवली की ते दोन अर्धे जवळ येत, पट्टा त्यांच्यामधून वर चढे, आणि फटफटी पळे. उलटी फिरवली की ते लांब जात, पट्टा खाली आसाकडे उतरे, आणि फटफटी हळू पण जोरात ओढे. पट्टा उतरला की सैल पडणार, म्हणून तीच मूठ एका दांड्यानं मागचं चाकही मागे सरकवत असे. म्हणजे चढावर थोडी उलटी फिरवा, सपाटीवर थोडी सुलटी. कुठेही थांबा. एकातून दुसऱ्यात जाताना खट् नाही, धक्का नाही, पायरी नाही. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला एकदा भेटून नमस्कार करावा, असं मला आजही वाटतं.

पट्टा मात्र माझ्या डोक्यातून निघाला. इथे पट्टा गिरणीतल्यासारखा पाठीवर चालत नव्हता. तो दोन ताटल्यांच्या मध्ये पाचरीसारखा बसून बगलांनी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कडांनी, धरत होता. म्हणून तो वरून रुंद आणि खाली निमुळता हवा, आणि बगला कोरड्या ठणठणीत हव्यात. मी कातड्याचे तीन थर एकावर एक शिवले आणि कडा तिरक्या तासल्या. दोन पट्टे वाया गेले. बाप शेजारी बसून बघत असे. "पट्टा पाठीवर चालतो," तो म्हणायचा. "बगलेवर चालताना म्या न्हाय बघितला." तिसरा पट्टा चालला तेव्हाही त्याचं मत बदललं नाही. पण त्या दिवशी त्यानं भोकं पाडायची आपली मोठी आरी माझ्या पेटीत ठेवली आणि परत मागितली नाही.

ही फटफटी उभी राहिली की इंजिन बंद पडायचं. सुरू करायची तर बाजूनं पळत जायचं, इंजिन फुरफुरलं की टांग टाकायची. हे एरवी काही अवघड नव्हतं. अवघड होती ती खोतांची आळी.

बंदराकडून अलिबागच्या रस्त्याला लागायचं तर त्या आळीतूनच जावं लागे. दोन्ही बाजूंना मोठी घरं, ओट्यांवर बसलेली माणसं. आम्ही आळीच्या तोंडाशी वहाणा काढून हातात घ्यायचो. छत्री असली तर मिटायची. त्या आळीतली निम्मी पायताणं आमच्याच हातची, पण आम्ही तिथून अनवाणी जायचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणूनच ते खोडता येत नव्हतं. फटफटी आली तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "आळीत उतर. ढकलत ने."

महिनाभर मी उतरलो. खरं सांगतो, त्या महिन्याचा मला अजून राग येतो. आळीच्या तोंडाशी इंजिन बंद करायचं, ते धूड ढकलत न्यायचं, ओट्यावरून कुणीतरी विचारायचं, "काय रे, मेली का?" आणि पलीकडे जाऊन पुन्हा पळत सुरू करायची. न मेलेली वस्तू मेली म्हणून ढकलायची, आणि वर हसायचं.

मग एके दिवशी आळीच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलंच नाही. मूठ उलटी फिरवत गेलो. पट्टा पार खाली उतरला, आणि फटफटी एखादा म्हातारा चालेल तेवढ्या चालीनं आळीत शिरली. मी सीटवर ताठ बसलेला, पायात वहाणा. ओट्यावरच्या माणसांना वाटलं आता उतरेल, मग उतरेल. मी सगळ्यांकडे बघत बघत गेलो. आळी संपल्यावर मूठ सुलटी फिरवली आणि चौलपर्यंत थांबलो नाही. तिथे एका आंब्याखाली थांबलो आणि मागून कुणी येतंय का ते बराच वेळ बघत राहिलो. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शूर होतो.

दुसऱ्या दिवशी खोतांनी बापाला गिरणीत बोलावलं. मीही मागून गेलो. खोत शांत माणूस होते, आवाज चढवत नसत. "तुझा मुलगा आता बसून जायला लागला," ते म्हणाले. बाप खाली बघत उभा राहिला. मग खोतांनी तोड सांगितली. किहीमच्या किनाऱ्यावर मुंबईच्या मोटारशौकिनांची शर्यत होती, वाळूवर, ओहोटीच्या वेळी. भाच्याला त्यात उतरायचं होतं, आणि फटफटी चालू झाल्याचं त्यानं ऐकलं होतं. तर ती किहीमला नेऊन त्याच्या हवाली करायची. मग आळीतली गोष्ट झाली गेली. नाही केली तर गिरणीचे पट्टे यापुढे पेणचा माणूस शिवेल.

"टाकून दिली होती मालक ती," मी म्हणालो.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," खोत म्हणाले.

बाप माझ्यापुढे चालत घरी आला. पडवीत बसल्यावर म्हणाला, "देऊन टाक. यंतर हाय, जीव न्हाय." मी खूप बडबडलो. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पट्टे गेले तर मी काय करू? पुन्यांदा वहाणा शिवू?" वहाणा शिवण्यात त्याला कमीपणा नव्हता. पण पट्टा हे त्याचं स्वतःचं होतं. दहा गावांत दुसरा कुणी नव्हता, हे त्याचं होतं. मी फटफटी द्यायची कबूल केली.

शर्यत वद्य तृतीयेला होती. त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, म्हणजे वाळू लांबपर्यंत उघडी आणि घट्ट. मी आदल्या दिवशी फटफटीवरून किहीमला पोचलो. बाप खोतांच्या बैलगाडीमागून सामानाबरोबर चालत आला. शेवटचे कोस मी मूठ मुद्दाम पुढे-मागे फिरवत गेलो. ती माझ्या हाताला पुन्हा लागणार नव्हती, म्हणून जेवढी फिरवता येईल तेवढी फिरवून घेतली.

सकाळी नारळीच्या बागेशी एक टेबल मांडलेलं होतं. मागे एक वयस्कर पारशी गृहस्थ यादी घेऊन बसले होते. वर्ग गिअरवर पाडलेले होते. एक गिअरवाल्यांची शर्यत वेगळी, दोनवाल्यांची वेगळी, तीनवाल्यांची वेगळी. भाचा रांगेत पुढे, मी त्याच्या मागे, फटफटीबद्दल कुणी विचारलं तर सांगायला. खोत बाजूला मुंबईच्या मंडळींशी बोलत उभे होते.

"किती गिअर हाय हिला?" पारशी गृहस्थांनी विचारलं.

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मोजता येत नाहीत."

"एक?"

"एक नाही."

"मग दोन? तीन?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत. मधले पण सगळे आहेत."

गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली आणि एका साहेबाला बोलावलं. साहेब उठून बागेच्या टोकाला उभ्या केलेल्या फटफटीपर्यंत गेला, मूठ दोनदा फिरवून पुली उघडता-मिटताना बघितली आणि हसला. परत येऊन काहीतरी म्हणाला. भाच्यानं मला त्याचा अर्थ सांगितला. असली यंत्रं विलायतेतही शर्यतीबाहेर ठेवली होती म्हणे. बाकीचे पायरी पायरीनं चढणार आणि ही मधूनच जाणार, हा अन्याय आहे. कुठल्याच वर्गात बसत नाही, म्हणून नाव लिहिता येत नाही.

मी हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा. रेवदंड्याहून येताना सगळ्या वाटेनं मी उत्तरं जुळवत आलो होतो. कुणी माझी जात काढली तर काय बोलायचं, कुणी टेबलापासून लांब उभं राहा म्हणालं तर काय बोलायचं. त्या गृहस्थांनी मला काहीच विचारलं नाही. जात निघाली ती पुलीची. इथेही माणसं पायऱ्या मांडून बसली होती, आणि जिला पायरी नाही तिला उभं राहायला जागा नव्हती. मला त्या फटफटीबद्दल असं वाटलं, की हिला आता कुणाच्याही हवाली करणं मला जमणार नाही.

पण तसा प्रसंगच आला नाही. भाच्यानं हात झटकले. "मग काय करायचीय ही?" तो म्हणाला. "ने परत." एकाच माणसानं एकच वस्तू मला दोनदा टाकून दिली. खोतांचा चेहरा उतरला होता. मुंबईच्या लोकांसमोर त्यांच्या घरचं नाव यादीवरून परत आलं होतं, आणि ते माझ्यामुळेच आलं असं समजून ते माझ्याकडे बघत होते.

मी फटफटीकडे गेलो. बाप तिच्याजवळ उकिडवा बसला होता, धोतराला हात पुसत.

"मालकांना नको झाली," मी सांगितलं.

"मंग घरी न्यायची?"

"न्यायची. आधी पळवायची."

तो उठला. "यादीत नाव न्हाय तुझं."

"नसू दे."

"खोत बघत्यात."

"बघू देत की. त्यांना दाखवायलाच आणली होती ना?"

बापानं सीटवर हात ठेवला. मला वाटलं तो धरून ठेवणार. मी फटफटी त्याच्या हाताखालून काढून घेतली.

तीन गिअरवाल्या सहा फटफट्या रांगेत होत्या. दूर दक्षिणेला रोवलेल्या निशाणाला वळसा घालून परत यायचं, असे तीन फेरे. मी रांगेत गेलो नाही. रांगेच्या मागे, पाण्याच्या अंगाला उभा राहिलो. कुणाच्या वाटेत यायचं नव्हतं मला, फक्त पळायचं होतं. निशाण पडलं, त्या सहा सुटल्या, आणि मी पळत जाऊन टांग टाकली. मागून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. इंग्रजी मला येत नाही, त्यामुळे ती अडचण मला नव्हती.

किनाऱ्याच्या मध्यावर एक ओहोळ समुद्राला मिळत होता आणि तिथली वाळू भुसभुशीत होती. पुढचे सगळे तिथे गिअर उतरवायला गेले. उतरवताना क्षणभर इंजिनाचा जोर सुटतो, आणि तो क्षण वाळू सोडत नाही. एक आडवा झाला, दोघे पाय टेकून ढकलायला लागले. मी लांबूनच मूठ उलटी घ्यायला लागलो होतो. पट्टा खाली उतरत गेला, इंजिनाचा सूर तोच राहिला, आणि फटफटी त्या चिखलातून नेटानं निघाली. पलीकडे मूठ सुलटी. चार जण मागे पडले. निशाणाशी कोळणी पाट्या खाली ठेवून बघत उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "ह्यो कोण रं कोटवाला?" अंगात चुलत्याकडून मागून आणलेला कोट होता. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायचं भानही नव्हतं. मी मोठ्यानं हसत होतो.

दुसऱ्या फेऱ्यात माझ्यापुढे एकच उरला. तिसऱ्या फेऱ्यात ओहोळाच्या अलीकडे त्यालाही गाठला असता. पण मूठ सुलटी फिरवली, इंजिन किंचाळलं, आणि फटफटी पुढे जाईना. पट्टा घसरत होता. मी मूठ थोडी मागे घेतली, तरी घसरत होता. आणि मग नाकात वास आला. करंजेलाचा.

मी थांबलो. पट्ट्याला बोट लावलं. वरची पाठ तेलानं काळी झाली होती, आणि तापल्यावर ते तेल खाली दोन्ही बगलांत उतरलं होतं. असं तेल एकच माणूस लावतो. त्याचा उकिडवा बसलेला आकार मला आठवला, धोतराला पुसलेले हात आठवले. आणि मी, त्याचा मुलगा, त्या क्षणी असं धरून चाललो की त्यानं मला अडवलं. देऊन टाक म्हणाला होता, मी ऐकणार नाही म्हणून आधीच तेल लावून ठेवलं होतं, आणि वर सीटवर हात ठेवला होता. खोतांच्या भीतीनं माझ्या बापानं माझ्या पट्ट्याला हात लावला. हे मला त्या वेळी इतकं खरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी रागाचं होतं.

बाकीचे एकेक करून माझ्या शेजारून गेले. किनाऱ्यावरची माणसं बघत होती. मला तसंच ढकलत परत जाता आलं असतं. पण मेली म्हणून ढकलण्याचा माझा वाटा आळीत संपला होता.

मी तिथेच वाळूत मांडी घातली. पट्टा उतरवला. वरच्या अंगाची कोरडी वाळू ओंजळीनं आणून बगला घासल्या, कोटाच्या अस्तरानं पुसल्या, पुन्हा घासल्या. त्या कोटाबद्दल पुढे चुलत्याचं बरंच ऐकून घेतलं. तेल पिऊन पट्टा दोन बोटं वाढला होता. कमरेची रापी आणि आरी काढली, दोन बोटं कापली, आरीनं भोक पाडलं आणि टोकं जोडणारी आकडी पुन्हा बसवली. सकाळपासून मी कोट घालून, ताठ उभा राहून, चांभार दिसणार नाही अशी काळजी घेत होतो. आता साहेब, खोत, कोळणी, सगळ्यांच्या देखत पायात कातडं धरून चांभारकी करत बसलो होतो. आणि गंमत म्हणजे मला जराही लाज वाटली नाही. उलट वाटलं, बघा नीट. तुमच्यातल्या एकालाही हे येत नाही.

पळत जाऊन टांग टाकली. पट्ट्यानं धरलं. ओहोळ पार केला, निशाणाला वळसा घातला, परत आलो. तोवर शर्यत संपली होती, निशाणं गुंडाळत होते. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "वेळ घेतलेला नाय तुमचा," ते म्हणाले, जरा वाईट वाटल्यासारखे.

"मी मागितला नव्हता," मी म्हणालो.

बाप बागेच्या कडेला होता. मी फटफटी माडाला टेकवली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तेल तुम्ही लावलंत," मी म्हणालो. विचारलं नाही, म्हणालोच.

"व्हय," तो म्हणाला.

"मी पळू नये म्हणून?"

त्याला प्रश्नच कळला नव्हता. "तू तिकडं रांगेत व्हतास," तो म्हणाला. "मला वाटलं आता देणार तू. आपण पट्टा देताना कोरडा देत न्हाय." पट्ट्याकडे बघून म्हणाला, "लई ग्वाड शिवलाय तू. तसाच कसा द्यायचा?" आणि मग त्याच्या लक्षात आलं. मी ओहोळाशी का थांबलो, का घासत बसलो, ते त्याला तेव्हा कळलं. "त्यानं घसारला का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "सांगायचं तरी मला. मी बगलेवर चालताना बघितला न्हाय कधी."

त्यानं सांगितलं होतं की मला. तीन पट्टे शिवून होईपर्यंत तेच सांगत होता. ऐकायचं राहिलं होतं ते माझं. पुढे पुष्कळ भांडणं मी केली, त्यातल्या बहुतेकांत मी बरोबर होतो, पण त्या बागेत बापासमोर उभा असताना मी जेवढा चुकलो होतो तेवढा पुन्हा कधी चुकलो नाही. मी त्याचे हात धरले. ते तेलकट होते.

खोत आमच्याकडे आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बापाला म्हणाले, "पेणला निरोप धाडतो मी आजच. तुला वेगळं सांगायला नको."

मी तोंड उघडलं, पण बापानं हात वर केला. "बरं मालक," तो म्हणाला. तेवढंच. खोत गेल्यावर त्यानं बैलगाडीतून आपलं घोंगडं आणि पेटी काढून आणली. गाडी खोतांची होती, तिच्यामागून आता चालण्याचं कारण उरलं नव्हतं. फटफटीच्या मागे लोखंडी जाळी होती, तिच्यावर त्यानं घोंगडं घडी करून ठेवलं. पेटी मांडीवर घेऊन बसण्याआधी पट्ट्याला एकदा हात लावून बघितला, बगलेला.

चालू करायची म्हणजे पळायला हवं, आणि तो तर मागे बसलेला. मग किहीमच्या दोघा जणांनी मागून ढकललं. अलिबागपर्यंत त्यानं माझा कोट दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. नागावच्या पुढे एक हात सोडला. चौलला दोन्ही सोडले.

रेवदंड्यात शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. आळीचं तोंड दिसलं. ओट्यांवर नेहमीची माणसं होती. मी एकटा असतो तर मला विचार करावा लागला नसता. पण मागे तो होता. पन्नास वर्षं तो या दगडांवरून वहाणा हातात घेऊन चालला होता, आणि आज सकाळी त्याचे पट्टे गेले होते. त्याला आणखी कशात ओढण्याचा मला हक्क नव्हता. मी मूठ उलटी फिरवायला लागलो. चाल मंदावली. पूर्ण थांबलो असतो, म्हणजे त्याला उतरता आलं असतं.

त्यानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू कशापायी करतोस?" तो म्हणाला. "फुडं वाट न्हाय काय?"

मी मूठ सुलटी फिरवली. पट्टा वर चढला, आणि आम्ही दोघे आळीतून बसल्या बसल्या गेलो. त्याच्या पायांत वहाणा होत्या.